प्रोसेसर शून्य-एकच्या सूचना पार पाडतो कसा? ८०८५ हाताशी धरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या पेपरात ८०८५ येतो आणि दरवर्षी प्रॅक्टिकलच्या तासाला तेच प्रश्न नव्या तोंडांनी समोर येतात. काही मुलांचे असतात, काही पालकांचे, आणि काही चक्क दहा वर्षं नोकरीत कोड लिहिलेल्या माजी विद्यार्थ्यांचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं इंटेलच्या ८०८५ ची घेतली, कारण हा प्रोसेसर अखेरपर्यंत उलगडून बघता येतो. हेक्स म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावरचे आकडे. त्यांतली ए ते एफ ही अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत. म्हणजे ‘३ई’ हा दोन अंकी हेक्स आकडा समजायचा.

कॉम्प्युटरला शून्य-एकची भाषा कळते, म्हणजे नेमकं काय?

कळत काहीच नाही. सगळा घोळ या ‘कळते’ शब्दाने घातलेला आहे, म्हणून सुरुवात इथूनच करू.

गावात पाणी सोडणारा चावीवाला असतो. त्याने वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी वरच्या आळीला जातं, खालच्या आळीचा उघडला की खाली. पाइपाला आळीचं नाव ठाऊक नसतं. प्रोसेसरमध्ये बिट हीच चावी असते. ‘०११११०००’ हे आठ बिट आठ तारांवरून आत येतात. एकच्या तारेवर व्होल्टेज असतं, शून्याच्या तारेवर जवळपास नसतं. या तारा पुढे ट्रान्झिस्टरांच्या गेटांना जोडलेल्या असतात. व्होल्टेज असेल तिथे वाट खुली होते, नसेल तिथे बंद राहते. कुठल्या वाटा खुल्या झाल्या त्यावरून कुठल्या खणातला आकडा कुठल्या खणात जाणार हे ठरतं.

म्हणजे सूचना वाचून कोणीतरी ती अमलात आणतं असं नाही. सूचनेचे बिट स्वतःच ती वाट उघडतात. एवढं एक नीट बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, आणि हे बसलं नाही तर पाठ केलेले ऑपकोड, म्हणजे सूचनांचे ठरलेले आकडे, परीक्षेनंतर आठवड्यात उडून जातात.

एखादा ऑपकोड फोडून दाखवता येईल का?

येईल, आणि मला विचाराल तर हाच या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. ‘मूव्ह ए, बी’ ही सूचना घ्या. अर्थ: बी रजिस्टरमधला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या बी नावाच्या खणातला, आकडा ए मध्ये उतरव. हेक्समध्ये ती ७८. बिटांमध्ये लिहून तीन तुकडे पाडा:

०१ – १११ – ०००

पहिले दोन बिट ०१ म्हणजे ‘ही मूव्हच्या घराण्यातली सूचना’. मधले तीन म्हणजे कुठे न्यायचं. शेवटचे तीन म्हणजे कुठून आणायचं. ८०८५ मध्ये रजिस्टरांचे नंबर ठरलेले आहेत: बी ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१ आणि ए १११. मध्ये राहिलेला ११० हा ‘एम’ साठी, म्हणजे एच-एल जोडीत जो पत्ता आहे त्या पत्त्यावरची मेमरी.

आता ‘मूव्ह डी, ई’ चा ऑपकोड पुस्तक न उघडता काढा: ०१, मग ०१०, मग ०११. म्हणजे ०१०१००११, हेक्समध्ये ५३. तक्त्यात बघा, बरोबर तेच आहे.

मुलांना मी नेहमी एक प्रश्न टाकतो: मग ०१ ११० ११० म्हणजे काय व्हायला हवं? हिशोबाने ‘मूव्ह एम, एम’. मेमरीतल्या एका जागेचा आकडा उचलून त्याच जागी ठेवायचा, म्हणजे निरर्थक काम. रचनाकारांनी ती जागा वाया घालवली नाही. ०१११०११० म्हणजे ७६, आणि ७६ हा ‘एचएलटी’, म्हणजे थांब. हे ज्या दिवशी पहिल्यांदा लक्षात येतं त्या दिवसापासून ऑपकोडचा तक्ता पाढ्यासारखा वाटत नाही, त्यात कोणाचा तरी विचार दिसायला लागतो.

सगळं शून्य-एकमध्ये आहे तर आम्ही हेक्स का शिकायचं?

माणसाच्या डोळ्यांसाठी. चार बिटांचा एक हेक्स अंक, म्हणून एक बाइट, म्हणजे आठ बिट, दोन अंकांत मावतो. मशीनच्या आत हेक्स कुठेच नसतं. किटवर, म्हणजे सरावासाठीच्या ८०८५ च्या बोर्डवर, तुम्ही ३ आणि ई दाबता तेव्हा मेमरीत ००१११११० उमटतं.

एक छोटा प्रोग्रॅम आत कसा चालतो ते पायरीपायरीने सांगाल का?

पाच आणि तीनची बेरीज करून उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवायचं आहे. अनेक किटांवर वापरायची रॅम २००० पासून सुरू होते, तुमच्या किटचा पत्ता वेगळा असू शकतो.

२००० : ३ई ०५ — एमव्हीआय ए, ०५
२००२ : ०६ ०३ — एमव्हीआय बी, ०३
२००४ : ८० — अ‍ॅड बी
२००५ : ३२ ५० २० — एसटीए २०५० (ए मधला आकडा २०५० वर ठेव)
२००८ : ७६ — एचएलटी

एकूण नऊ बाइट. किटवर २००० हा पत्ता देऊन तुम्ही ‘गो’ करता तेव्हा प्रोग्रॅम काउंटर नावाच्या सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये २००० बसतं. पुढे काय खेचायचं हे फक्त या एका रजिस्टरवरून ठरतं.

यापुढे टिक म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका. पहिला टिक: प्रोसेसर २००० हा पत्ता तारांवर ठेवतो. वरचे आठ बिट त्यांच्या स्वतंत्र तारांवर जातात. खालचे आठ बिट ज्या तारांवर जातात त्याच तारांवरून पुढे डेटाही यायचा असतो, म्हणून ‘एएलई’ नावाची पिन क्षणभर वर जाते आणि बाहेरच्या लॅच चिपला खुणावते, की आत्ता तारांवर पत्ता आहे, धरून ठेव. चाळीस पिनांत सगळं बसवायचं म्हणून केलेली ही काटकसर.

दुसरा टिक: वाचायची पिन खाली जाते, मेमरी त्या पत्त्यावरचा बाइट तारांवर आणायला लागते. याच वेळी प्रोग्रॅम काउंटर एकाने पुढे सरकतो.

तिसरा टिक: आलेला बाइट, म्हणजे ३ई, इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये उतरतो.

चौथा टिक: डिकोड. ३ई म्हणजे ०० १११ ११०, म्हणजे ‘पुढचा बाइट उचल आणि ए मध्ये टाक’. मग त्या पुढच्या बाइटसाठी पुन्हा मेमरीची एक फेरी, तीन टिकांची. ०५ येतो, ए मध्ये जातो. एक सूचना झाली, सात टिक लागले.

दुसरी सूचना अशीच, बी मध्ये ०३, आणखी सात. ‘अ‍ॅड बी’ ला मेमरीतून आणखी काही आणायचं नसतं, दोन्ही आकडे आतच असतात, म्हणून फक्त चार. ‘एसटीए’ सर्वांत लांब: ऑपकोडचे चार, पत्त्याच्या दोन बाइटांचे तीन-तीन आणि मेमरीत लिहिण्याचे तीन, मिळून तेरा. ‘एचएलटी’ चे पाच. बेरीज ३६. घड्याळ तीन मेगाहर्ट्झचं असेल तर एक टिक एक तृतीयांश मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सगळा प्रोग्रॅम बारा मायक्रोसेकंदांत संपला. तुमचं बोट ‘गो’ च्या बटणावरून अजून उठलेलंही नसतं.

पुस्तकात या टिकला टी-स्टेट म्हणतात. परीक्षेत तोच शब्द लिहा.

२०५० हा पत्ता ‘५० २०’ असा उलटा का लिहायचा?

कारण ८०८५ पत्त्याचा खालचा बाइट आधी मागतो आणि वरचा नंतर. इंटेलच्या घराण्यात ही रीत आजही तशीच आहे, तुमच्या लॅपटॉपमध्येही.

प्रॅक्टिकलला सर्वाधिक मार्क इथेच जातात. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका मुलीने प्रोग्रॅम अगदी बिनचूक लिहिला होता, वहीत अक्षर मोत्यासारखं. किटवर टाकताना तिने ३२ २० ५० टाकलं. चालवलं, २०५० उघडलं, तर लाल आकड्यांत उमटलं ‘एफ३’. परत चालवलं, परत एफ३. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “सर, किट खराब आहे.” किट उत्तम होतं. प्रोसेसरने आठ हे उत्तर काढलं होतं आणि इमानाने ५०२० या पत्त्यावर पाठवून दिलं होतं. त्या किटवर ५०२० ला मेमरीच नव्हती. तारांवर ०८ आलं, कोणी उचललं नाही, निघून गेलं. २०५० मध्ये दिसत होतं ते किट चालू होतानाच तिथे पडलेलं काहीतरी.

तिला मी चूक सांगितली नाही. २००० पासून एकेक बाइट मोठ्याने वाचायला लावला आणि ‘आता प्रोसेसर काय करेल’ एवढंच विचारत गेलो. २००६ ला पोहोचल्यावर तिचं तिनेच कपाळावर हात मारला. पुढच्या वेळी आकडा आला, ०८.

बेरीज प्रत्यक्षात कोण करतं?

एएलयू, म्हणजे गणित आणि तर्काची कामं करणारा भाग. तिथेही आकडेमोडीची समज नाही, लॉजिक गेटांची, म्हणजे ट्रान्झिस्टरांच्या छोट्या संचांची, जोडणी आहे. एका स्थानावरचे दोन बिट घ्या. दोन्ही वेगळे असतील तर बेरीज एक, सारखे असतील तर शून्य. हे एक्स-ऑर गेटचं काम. दोन्ही एक असतील तर हातचा एक. हे अँड गेटचं. मागून आलेला हातचा मिळवायचा म्हणून अशीच आणखी एक जोडी आणि हातच्यांसाठी एक ऑर गेट. असे आठ संच शेजारी शेजारी लावले की आठ बिटांची बेरीज होते.

आपलंच उदाहरण कागदावर मांडा: ०१०१ अधिक ००११. उजवीकडून एक आणि एक, शून्य, हातचा एक. पुढे शून्य, एक आणि हातचा, परत शून्य, हातचा एक. पुढे एक, शून्य आणि हातचा, परत तेच. शेवटी एक उरतो: १०००, म्हणजे आठ. शाळेत दशकाचा हातचा जसा घेतला तसाच हा. फरक इतकाच, की इथे हातचा तारेतून पुढे जातो आणि त्याला पोहोचायला काही नॅनोसेकंद लागतात. घड्याळ हवं तेवढं पळवता येत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

गेटांचं हे गणित जॉर्ज बूलने १८५४ साली तर्कशास्त्रासाठी मांडलं होतं, विजेशी त्याचा काही संबंध नव्हता. १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं, की रिलेच्या, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या, स्विचांची जोडणी हुबेहूब याच गणिताने चालते. मधली ऐंशीहून जास्त वर्षं ते गणित कागदावर वाट बघत होतं.

वजाबाकीसाठी वेगळं यंत्र लागतं का?

लागत नाही. पाचातून तीन वजा करायचे तर तीनचे बिट उलटे करा: ००००००११ चं ११११११००. त्यात एक मिळवा: ११११११०१. हे पाचात मिळवा. उत्तर नऊ बिटांचं येतं, १ ००००००१०. डावीकडचा नववा बिट आठांच्या बाहेर पडला, उरलं ००००००१०, म्हणजे दोन. याला टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात. एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवा: वजाबाकीनंतर ८०८५ कॅरी फ्लॅगमध्ये, म्हणजे हातच्याची नोंद ठेवणाऱ्या एका बिटमध्ये, हा बाहेर पडलेला बिट उलटा करून ठेवतो, म्हणजे ‘उसना घेतला का’ याचं उत्तर तिथे मिळतं. वरच्या उदाहरणात उसना घेतला नाही, म्हणून कॅरी शून्य.

सूचना आणि डेटा दोन्ही बाइटच. प्रोसेसर त्यांना ओळखतो कसा?

ओळखत नाही. एखादा बाइट सूचना आहे की डेटा हे त्या बाइटवर कुठेही लिहिलेलं नसतं. तो कोणत्या वेळी खेचला गेला एवढ्यावरच सगळं ठरतं.

आपल्याच लिपीतलं उदाहरण घेऊ. ‘म’ हे अक्षर आजच्या युटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांत साठवतात: ई० ए४ एई. तुमच्या फोनमध्ये ‘मराठी’ शब्द जिथे साठवला आहे तिथे सुरुवातीला हेच तीन बाइट असतात. आता हेच तीन बाइट ८०८५ च्या मेमरीत ठेवून प्रोग्रॅम काउंटर तिथे नेला तर? ई० म्हणजे ‘आरपीओ’: उत्तरात एकांची संख्या विषम असेल तर सबरूटीनमधून, म्हणजे प्रोग्रॅमने मध्येच बोलावलेल्या तुकड्यातून, परत जा. ए४ म्हणजे ‘एएनए एच’: ए आणि एच यांचा बिटशः अँड. एई म्हणजे ‘एक्सआरए एम’: ए आणि मेमरीतला बाइट यांचा एक्स-ऑर. प्रोसेसर मुकाट्याने ते करत सुटेल. ‘हे तर माझ्या मायबोलीचं अक्षर आहे’ असं त्याला थांबवून सांगणारं आत कोणी नाही.

वरच्या प्रोग्रॅममध्ये ७६ टाकायला विसरलात तर असंच होतं. २००७ नंतर प्रोसेसर २००८ उघडतो, तिथे जे काही पडलं असेल ते सूचना म्हणून चालवतो, मग २००९, मग पुढे. कधी किटचा डिस्प्ले गोठतो, कधी आधीचं उत्तरही पुसलं जातं. बाहेरून डेटा म्हणून आत शिरलेले बाइट सूचना म्हणून चालवून घ्यायचे, हा हॅकिंगचा एक जुना आणि मोठा प्रकारही याच गोष्टीवर उभा आहे. म्हणून आजचे प्रोसेसर मेमरीच्या पानांवर ‘इथलं काही चालवायचं नाही’ अशी खूण ठेवू देतात. ८०८५ मध्ये ती सोय नव्हती.

प्रोग्रॅम मेमरीत ठेवायची कल्पना आली कुठून?

आधीच्या यंत्रांमध्ये, एनिॲकसारख्या, काम बदलायचं तर तारा आणि स्विच बदलावे लागत. सूचनाही आकड्यांच्याच रूपात, डेटाच्याच मेमरीत ठेवायच्या, ही मांडणी १९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या, एडव्हॅक नावाच्या कॉम्प्युटरवरच्या अहवालातून पसरली. असा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरला, ‘बेबी’ नावाच्या यंत्रावर. त्याच्या मेमरीत ३२ बिटांचे ३२ शब्द मावत. दोनाच्या अठराव्या घाताचा, स्वतः तो आकडा सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. उत्तर यायला ५२ मिनिटं लागली.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इंजिनिअरांनी असंच यंत्र स्वतः बांधलं. ते १९६० मध्ये सुरू झालं आणि १९६२ मध्ये त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण झालं. ट्रान्झिस्टर नव्हे, व्हॅक्यूम ट्यूब. शब्द ४० बिटांचा, मेमरी २०४८ शब्दांची. आजच्या एका मोबाइल फोटोच्या शेकडाव्या भागाइतकीही ती भरत नाही. कुलाब्यात बसून त्या लोकांनी तेवढ्यात विज्ञानाचे खरे प्रश्न सोडवले, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, आणि सांगताना दरवेळी ऊर भरून येतो.

प्रोसेसर निर्णय कसा घेतो?

फ्लॅग बघून. ८०८५ मध्ये पाच फ्लॅग आहेत: साइन, झिरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी आणि कॅरी. प्रत्येक म्हणजे एक बिट. एखादी वजाबाकी शून्य झाली की झिरो फ्लॅग एक होतो. नंतर ‘जेएनझेड’ सूचना आली की प्रोसेसर तो बिट बघतो: शून्य असेल तर सूचनेत दिलेला पत्ता प्रोग्रॅम काउंटरमध्ये भरतो, नाहीतर पुढे चालू लागतो. तुम्ही सी भाषेत लिहिलेला प्रत्येक ‘इफ’, प्रत्येक ‘व्हाइल’ शेवटी इथे येऊन पोहोचतो. प्रोग्रॅम काउंटरचा आकडा बदलला, झालं.

ट्रॅफिक सिग्नलच्या प्रॅक्टिकलमध्ये जो डिले लिहिता तो याच्यावरच चालतो. सी मध्ये एफएफ भरायचं, एकेक कमी करायचं, शून्य होईपर्यंत परत वर जायचं. एका फेरीला चार अधिक दहा, चौदा टिक. २५५ फेऱ्यांना तीन मेगाहर्ट्झवर सुमारे १.२ मिलिसेकंद. म्हणून सिग्नल सेकंदभर टिकवायचा तर फेरीच्या बाहेर आणखी एक फेरी लागते. शेवटच्या फेरीत उडी मारायची नसते, तेव्हा जेएनझेडला दहाऐवजी सातच टिक लागतात, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न आहे.

सूचना चालू असताना मधेच की-बोर्डचं बटण दाबलं तर?

हातातली सूचना पूर्ण होते. प्रत्येक सूचनेच्या शेवटी प्रोसेसर इंटरप्टच्या पिनांकडे बघतो. कोणी हाक मारली असेल तर प्रोग्रॅम काउंटर स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेत, ठेवतो, ठरलेल्या पत्त्यावर जातो, काम उरकतो आणि परत येतो. पोथी वाचताना दारावरची बेल वाजली तर ओवी संपवून, खूण घालून आपण उठतो तसं. ८०८५ मध्ये ‘ट्रॅप’ नावाची एक हाक अशी आहे की ती बंदच करता येत नाही. तिचा पत्ता ००२४.

आम्ही सी किंवा पायथनमध्ये लिहितो. ते या सगळ्यात कुठे बसतं?

सी चा कंपायलर तुमचा कोड थेट त्या-त्या प्रोसेसरच्या ऑपकोडमध्ये उतरवतो. चांगला कंपायलर ‘५ + ३’ दिसलं की बेरजेची सूचना लिहीतच नाही, स्वतः आठ करून ठेवतो. पायथनचं वेगळं आहे. नेहमीच्या पायथनमध्ये तुमचा कोड आधी बाइटकोडमध्ये जातो, पण तो प्रोसेसरचा ऑपकोड नव्हे. तो वाचणारा एक प्रोग्रॅम असतो, स्वतः सी मध्ये लिहिलेला, आणि प्रोसेसर चालवत असतो तो त्या वाचणाऱ्याला. पायथन हळू वाटतो त्याचं एक मोठं कारण हेच.

आजचे प्रोसेसरही असंच एकेक बाइट खेचतात का?

पाया तोच: आण, उलगड, कर. रीत मात्र खूप बदलली.

लग्नघरातल्या पोळ्या आठवा. एकच बाई गोळा करून, लाटून, भाजून मग दुसऱ्या गोळ्याला हात घालेल तर पंगत उपाशी राहील. म्हणून एक गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी तव्यावर असते. एका पोळीला लागणारा वेळ तोच, पण तव्यावरून पोळ्या भराभर उतरतात. याला पाइपलाइन म्हणतात. आजचा प्रोसेसर याच्याही पुढे जातो: अनेक तवे एकाच वेळी पेटवतो, ज्या सूचनेचा डेटा हाताशी आहे ती आधी उरकतो, आणि ‘इफ’ चं उत्तर येण्याआधीच कोणत्या वाटेला जायचं याचा अंदाज बांधून कामाला लागतो. अंदाज चुकला की केलेलं काम टाकून देतो. टाकून दिलेल्या कामाच्या खुणा मात्र कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मागे उरतात, आणि त्या वाचून गुपितं काढता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी जगासमोर आलं.

वेगाचा अंदाज यावा म्हणून: तीन गिगाहर्ट्झच्या एका टिकमध्ये प्रकाश जेमतेम दहा सेंटिमीटर जातो. ८०८५ च्या एका टिकमध्ये तो शंभर मीटर जायचा.

प्रोसेसर स्वतः चुकतो का?

रचनेत चूक राहिली तर चुकतो, आणि दरवेळी त्याच ठिकाणी चुकतो. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकांना मूळ संख्यांवर काम करताना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता कोरला होता त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. काही ठरावीक आकड्यांनाच फटका बसत होता, पण इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. बहुतेक वेळा मात्र चूक प्रोसेसरची नसते, आपल्या ३२ २० ५० ची असते.

८०८५ जुना झाला, मग मुलांना का शिकवता?

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. ८०८५ सत्तरच्या दशकातला आहे, ट्रान्झिस्टर साडेसहा हजारांच्या आसपास. आजच्या फोनच्या चिपमध्ये अब्जांनी असतात. यावर नोकरी मिळणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

पण २५६ शक्य बाइटांपैकी २४६ चा अर्थ पुस्तकात छापलेला आहे, आणि सोळा-सतरा वर्षांचं पोर महिनाभरात त्या सगळ्यांची घराणी ओळखू लागतं. पूर्ण यंत्र डोक्यात मावतं. आजच्या प्रोसेसरच्या बाबतीत हे बनवणाऱ्यांनाही एकेकट्याला शक्य नाही. शिवाय त्याला कमी लेखू नका: १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर या गाडीचा मेंदू म्हणजे याच ८०८५ ची कमी वीज खाणारी आवृत्ती, ८०सी८५, दोन मेगाहर्ट्झवर चालणारी. माझ्या प्रयोगशाळेतल्या किटपेक्षाही हळू.

घरी किट नाही. सराव कसा करायचा?

फुकट सिम्युलेटर मिळतात, पण पहिले पंधरा दिवस ते उघडू नका. वहीचं पान आडवं धरा. रकाने आखा: पत्ता, बाइट, प्रोग्रॅम काउंटर, ए, बी, झिरो फ्लॅग, कॅरी फ्लॅग. प्रत्येक सूचनेनंतर एक ओळ लिहा, काही बदललं नसेल तरी लिहा. पेन्सिल वापरा. हाताने वीस सूचना चालवलेल्या मुलाला नंतर सिम्युलेटरवर काय बघायचं ते सांगावं लागत नाही.

सुरुवातीला हे नऊ बाइट घ्या. पत्ता २००० पासून: ३ई ०९ ०६ ०४ ९० ३२ ५१ २० ७६. हेक्समधला ९० म्हणजे १००१०, मग ०००. पहिले पाच बिट ‘सब’ च्या घराण्याचे, शेवटचे तीन कोणाचे ते वर दिलं आहे. २०५१ वर काय येतं, कॅरी फ्लॅगमध्ये काय राहतं आणि एकूण किती टी-स्टेट लागले, तिन्ही लिहून आणा.